दिवेवाल्याचा चेहरा

(काळी पार्श्वभूमी. हातात धरलेला लहानसा चकचकीत पत्रा.)

आरसाच वाटतो. जरा कलवा... आता दिसला चेहरा. आणखी थोडा कलवला की त्याचीच निगेटिव्ह होते. दागेरोटाइप, म्हणजे चांदीच्या पत्र्यावरचा सुरुवातीच्या काळातला फोटो, हातात धरूनच पाहायचा. पुस्तकातल्या छपाईत तो निम्माही उतरत नाही.

ऑगस्ट १८३९मध्ये पॅरिसला लुई दागेरची असे फोटो घेण्याची कृती जाहीर झाली. काही आठवड्यांतच ती अमेरिकेत, फिलाडेल्फियाला पोहोचली. तिथे तीस वर्षांचा रॉबर्ट कॉर्नेलियस घरच्या दिव्यांच्या धंद्यात होता. त्याला प्रकाशशास्त्र किती येत होतं कोण जाणे, पण धातूवर चांदीचा मुलामा चढवण्यात त्याचा हात बसलेला होता. आणि आमच्या मते खरी मेख तिथेच आहे.

(कार्यशाळा. घासणारे हात, जवळून.)

हे बघा. तांब्याचा पत्रा, वर चांदीचा पातळ थर. आधी तेल आणि मऊ दगडाची पूड, मग चामडं किंवा मखमल चढवलेली फळी. घासा, पुसा, पुन्हा घासा. शेवटचे हात मात्र आडवेच मारायचे, म्हणजे चित्र पाहताना रेघा डोळ्यांत येत नाहीत. बोटाचा ठसा राहिला तर तोही चित्रात येणार!

मग पत्रा आयोडीनच्या पेटीवर पालथा. चांदी पिवळी पडते, सोनेरी होते. तिथेच थांबायचं. पुढे ब्रोमीनची वाफही देऊ लागले, त्याने बैठकीची मिनिटं सेकंदांवर आली. कॅमेऱ्यातून पत्रा निघतो तो कोराच दिसतो. तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर चेहरा उमटतो. ती वाफ कारागिरांच्या छातीत जात होती, हेही खरं.

(लोखंडी टेकू. खुर्ची.)

हा टेकू मानेमागे. डोकं हललं की चेहरा पुसट. हसू तेवढा वेळ कोण धरून ठेवणार?

(कॉर्नेलियसचं चित्र, पूर्ण पडदा.)

दुकानामागच्या अंगणात त्याने स्वतःचंच चित्र घेतलं. केस विस्कटलेले, हाताची घडी, चौकटीच्या मधोमधही नाही. पुढे त्याने स्टुडिओ थाटला, पण थोड्याच वर्षांत पुन्हा दिव्यांकडे वळला.

(पत्र्याची मागची बाजू. हस्ताक्षर.)

‘उजेडाने काढलेलं पहिलं चित्र. १८३९.’