दत्तकपत्र रजिस्टर आहे, तरी पोराला व्हिजिटर व्हिसा का मिळत नाही?

राम राम मंडळी. मागचा व्हिडिओ होता पासपोर्टच्या नूतनीकरणावर, पण खाली कमेंट आल्या त्या दत्तकाच्या. चोपड्याकडचे एक दादा लिहितात, "ताई, मना भाऊनी मनी पोर दत्तक लिधी, दत्तकपत्र रजिस्टर शे, तरी व्हिसा नही भेटना. का बरं?" अमळनेरहून तसंच, शहाद्याहून तसंच. भाऊ अमेरिकेत, त्याला मूलबाळ नाही, घरातल्यांनी बसून ठरवलं, आपलं पोर त्याच्या ओटीत घातलं. इथपर्यंत सगळं मायेनं झालेलं असतं. मग मुंबईला मुलाखत होते आणि हातात नकाराचा कागद येतो. म्हणून आज फक्त हाच विषय, आणि फक्त अमेरिकेपुरता, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तिथलेच आहेत.

सुरुवातीचं पटकन उरकते, कारण ते तुम्हाला माहीत आहे. व्हिजिटर व्हिसा म्हणजे बी-1/बी-2. फॉर्म डीएस-160. फी 185 डॉलर, नकार आला तरी परत मिळत नाही. आधी बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर मुलाखत. पूर्वी 14 वर्षांखालच्या मुलांना बहुतेक वेळा मुलाखतीतून सूट मिळायची. 2 सप्टेंबर 2025 पासून साधारणपणे त्यांनाही हजर राहावं लागतं. म्हणजे पोराला सोबत न्यायचं. झालं.

आता खरी गाठ. नकाराच्या कागदावर बहुतेकांना एकच कलम दिसतं, 214(बी). त्या कलमाचा अर्थ असा, की समोर उभा असलेला माणूस अमेरिकेत कायमचा राहायलाच चालला आहे असं अधिकारी आधीपासून धरून चालतो. तसं नाही, मी फिरून परत येणार आहे, माझं घर भारतात आहे, हे अर्जदारानं पटवून द्यायचं असतं. आणि आपण काय घेऊन जातो? रजिस्टर केलेलं दत्तकपत्र. त्यात काय लिहिलंय? या मुलीचे आईवडील आजपासून न्यू जर्सीतले अमुक-तमुक. म्हणजे मुलीचं घर कुठं झालं? न्यू जर्सीत! जो कागद आपण सगळ्यात मजबूत समजून फाईलमध्ये वर ठेवतो, तोच सांगतो की ही मुलगी परत येणार नाही. दत्तकपत्र खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. ते खरं आहे, म्हणूनच व्हिजिटर व्हिसा मिळत नाही.

हे ऐकून लोक मला विचारतात, मग दत्तकपत्र दाखवूच नको का? थांबा. आता फॉर्मकडे बघा. डीएस-160 मध्ये वडिलांचं नाव विचारतात, आईचं विचारतात, आणि ते अमेरिकेत आहेत का, असतील तर कोणत्या दर्जानं, हेही विचारतात. तुम्ही खरं लिहिलं, की वडील अमेरिकेत आहेत, तर प्रश्न पुन्हा तोच, मुलगी परत का येईल? आणि जन्मदात्याचं नाव टाकून दत्तक लपवलं, तर ती माहिती लपवणं झालं. अमेरिकेच्या कायद्यात महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगून व्हिसा मागणाऱ्यावर कायमची अपात्रता येऊ शकते. आज सात वर्षांची असलेली मुलगी उद्या इंजिनिअर होऊन शिकायला जायचं म्हणेल, तेव्हा हा डाग तिच्या नावावर निघेल. मोठ्यांच्या घाईची किंमत तिनं का मोजायची?

तिसरी बाजू त्या लेकराचीच. रावेर तालुक्यातलं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. शाळेचं बोनाफाईड, उन्हाळ्याच्या सुटीचं पत्र, परतीचं तिकीट, सगळं चोख. मुलाखतीत मुलीला विचारलं, कुठं चाललीस? ती म्हणाली, "आई-बाबांकडे राहायला." आजोबा मला सांगताना रडले. त्यांना वाटत होतं, पोरीनं घोळ केला. मी म्हटलं, आबा, पोर खरं बोलली. तिला तुम्ही दोन वर्षं हेच सांगत होतात, आता तुझे आईबाबा तिकडे आहेत म्हणून. कृपा करून लेकरांना पढवून मुलाखतीला उभं करू नका. त्यांच्यावर तो भार टाकायचा नाही.

आणि इथं मला एजंट लोकांबद्दल बोलायचंय. सगळे तसे नाहीत, पण एक वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की राग येतो: "आधी टुरिस्टवर घेऊन जा, तिकडे गेल्यावर कागद करू." राहण्याचा बेत असताना फिरायला चाललोय असं सांगणं हाच मुळात खोटेपणा, आणि तो करायला हा माणूस तुमच्याकडून पैसे घेतो. पुन्हा नकार आला की म्हणतो, नशीब. दुसऱ्यांदा अर्ज, पुन्हा 185 डॉलर, पुन्हा भुसावळहून रात्रीची गाडी. परिस्थिती तीच, कागद तेच, मग उत्तर वेगळं कसं येईल? 214(बी) वर अपील नसतं. पुन्हा अर्ज करता येतो, पण काहीतरी बदललेलं असेल तरच त्याला अर्थ.

मग रस्ता कोणता? तिकडचे आईवडील कोण आहेत यावर तो ठरतो.

ते अमेरिकन नागरिक असतील आणि तिथंच राहत असतील, तर आंतरदेशीय दत्तकाचा हेग करार लागू होतो. भारतानं तो 2003 मध्ये मान्य केला, अमेरिकेत तो 1 एप्रिल 2008 पासून लागू आहे. यात क्रम फार कडक आहे. आधी तिकडे घराची पाहणी आणि आय-800ए फॉर्म, म्हणजे ते दत्तक घ्यायला पात्र आहेत का हे ठरवणारा. मग त्या मुलासाठी आय-800. त्याला तात्पुरती मंजुरी आल्यावर इकडचं दत्तकविधान. आपल्याकडे काय होतं? भाऊ दिवाळीला येतो, पंधरा दिवसांत दत्तकपत्र होतं, पेढे वाटले जातात, आणि तो परत गेल्यावर चौकशी सुरू होते. तोवर क्रम उलटा झालेला असतो आणि तो सोडवायला वकील लागतो. म्हणून ज्यांच्या घरात अजून नुसतं बोलणं चाललंय, त्यांनी दत्तकपत्राचा मुहूर्त काढायच्या आधी हे बघा.

ते ग्रीन कार्डवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर, किंवा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असतील तर गोष्ट वेगळी. तिथला कायदा मूल कुणाला मानतो? 16 वर्षांच्या आत दत्तक झालेलं, आणि दत्तक आईवडिलांकडे दोन वर्षं कायदेशीर ताबा व दोन वर्षं सोबत राहणं पूर्ण झालेलं. सोबत म्हणजे खरोखर एका घरात. व्हिडिओ कॉलवरचं धरत नाहीत. म्हणून कितीतरी घरांत आई किंवा वडील नोकरीतून वेळ काढून इथं येऊन राहतात. कठीण आहे, मला माहितीय, पण ही अट पूर्ण झाली की मुलाला मूल म्हणून नेता येतं.

आपल्या बाजूनंही अटी आहेत. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल साधारणपणे 15 वर्षांच्या आतलं लागतं. मुलगा दत्तक घ्यायचा तर घेणाऱ्याला आधी मुलगा, नातू, पणतू नको. मुलगी घ्यायची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नको. पुरुष मुलगी दत्तक घेत असेल तर दोघांत किमान 21 वर्षांचं अंतर. आणि परदेशी न्यायचं असेल तर 2021 पासून या कायद्याखालच्या दत्तकालाही केंद्राच्या 'कारा' या संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी होते. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. पहिली चौकशी तिथं करा, एजंटकडे नको.

पारोळ्याच्या एका ताईंनी लिहिलंय, "पासपोर्टवर तर नवीन आईबापांची नावं आली, मग अडचण काय?" ताई, पासपोर्टचे नियम डिसेंबर 2016 मध्ये सोपे झाले, दत्तकाचा कागद नसेल तर साध्या कागदावरचं घोषणापत्रही चालतं. त्यामुळे पासपोर्ट होतो. पण पासपोर्टवर एक बाप, शाळेच्या दाखल्यावर दुसरा, आधारवर तिसरंच स्पेलिंग, असं असलं की पुढच्या प्रत्येक टेबलावर तेच विचारतील. जन्मदाखल्यापासून सुरू करून सगळं एकसारखं करून घ्या.

आता उलट बाजू, आणि ही मला जास्त जवळची वाटते. पोर गेलं, मार्गी लागलं. इकडे राहिलेल्या जन्मदात्या आईला भेटायला जायचंय. तिला व्हिजिटर व्हिसा मिळू शकतो का? हो, कारण तिला खरंच परत यायचंय. दत्तकानंतर कायद्यानं ती मुलीची काकू झालेली असते. विचारलं तर दोन्ही सांगा: जन्म मी दिला, आता दिराची मुलगी आहे. लाजू नका, लपवू नका. आणि हेही लक्षात ठेवा, की दत्तक गेलेलं मूल पुढे नागरिक झालं तरी जन्मदात्या आईवडिलांना त्या नात्यावर ग्रीन कार्ड मिळवून देऊ शकत नाही. तशी आशा कुणी दाखवत असेल तर विश्वास ठेवू नका.

सात-बारा, बँकेचं पासबुक, सोन्याच्या पावत्या अशी जाड फाईल घेऊन बायका उभ्या राहतात. जवळ ठेवा, पण बहुतेक वेळा ती उघडलीही जात नाही. आमंत्रणाचं पत्रही सक्तीचं नाही. दोन-चार मिनिटांत तुम्ही काय बोलता आणि फॉर्ममध्ये काय भरलंय, यावर सगळं. नवरा इथं आहे, धाकटा दहावीला आहे, केळीची कापणी आहे, अमुक महिन्यात परत येणार. आपल्या मराठीत, सरळ. मुंबईत मराठीत मुलाखत मागता येते.

शेवटची कमेंट साक्रीहून, आपल्या खानदेशातल्या श्रावणातल्या कानबाईच्या सणाबद्दल: "कानबाईले पोर घर येई का?" येईल ना. फक्त एक बघा. हेगच्या रस्त्यानं, इथंच दत्तक पूर्ण करून गेलेलं मूल बहुतेक वेळा तिकडे पोचताच अमेरिकन नागरिक होतं, आणि मग भारतीय पासपोर्टवर प्रवास चालत नाही. तो रद्द करून घ्यायचा, आणि इकडे यायला तिच्यासाठी ओसीआय कार्ड काढायचं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतात येण्याजाण्यासाठी मिळतं ते कार्ड. तिकडच्या भावाला आजच सांगून ठेवा, श्रावणाच्या तोंडावर धावपळ नको. ओसीआयचा फॉर्म कसा भरायचा ते पुढच्या व्हिडिओत दाखवते.