रविवार, दुपारी एक वाजता

[दृश्य: बोलोन्या शहरातलं एक स्वयंपाकघर. लाकडी फळीवर मैद्याची रास.]

पाहुणे जेवायला येणार आहेत एक वाजता. आजींचे हात मात्र सकाळी आठपासूनच पिठात आहेत.

उत्तर इटलीतल्या बोलोन्यात रविवारच्या जेवणाची तयारी पोळपाट-लाटण्यानं सुरू होते. आपल्या डोळ्यांना हे लगेच ओळखीचं वाटतं. फरक एवढाच की इथला पोळपाट चौकोनी, अर्धं टेबल व्यापणारा, आणि लाटणं जवळजवळ मीटरभर लांब. प्रमाण आजींना तोंडपाठ आहे: १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी अजिबात नाही. आज माणसं सहा, म्हणून ६०० ग्रॅम मैदा आणि सहा अंडी. राशीत आळं करून त्यात अंडी फोडायची, काट्यानं कडेचं पीठ हळूहळू आत ओढायचं, मग तळहाताच्या जोरानं पंधरा मिनिटं मळायचं. त्यानंतर अर्धा तास गोळा झाकून ठेवायचा. घाई केली तर पीठ लाटताना मागे ओढलं जातं.

[दृश्य: खिडकीच्या उजेडात धरलेली पातळ पोळी.]

या लाटलेल्या पोळीला म्हणतात स्फोल्या. ती किती पातळ हवी? शहराबाहेरच्या टेकडीवर सान लुकाचं प्रार्थनामंदिर आहे, आणि ६६६ कमानींची छपराची वाट थेट तिथवर चढत जाते. स्फोल्या उजेडात धरली की तिच्यातून सान लुका दिसला पाहिजे, असं बोलोन्याची माणसं सांगतात. लाकडाचा खरखरीतपणा पोळीवर उमटतो आणि त्या खरखरीत अंगाला रस्सा धरून राहतो. म्हणून घरात यंत्र असलं तरी रविवारी लाटणंच निघतं.

पोळी जराशी सुकली की तिची गुंडाळी करून सुरीनं पट्ट्या कापायच्या. याच तालियातेल्ले. त्यांच्या रुंदीची अधिकृत नोंद आहे! १९७२ साली बोलोन्याच्या व्यापारी मंडळात ती नोंदवली गेली: शिजलेली पट्टी ८ मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. मंडळाच्या इमारतीत सोन्याची एक पट्टी नमुना म्हणून जपून ठेवली आहे. आजी मोजपट्टी घेत नाहीत. कडेचे वेडेवाकडे तुकडे त्या वेगळे काढतात. त्यांना 'मालतालियाती' म्हणजे 'वाईट कापलेले' असं सरळ नाव आहे, आणि ते घेवड्याच्या सुपात जातात.

[दृश्य: मंद आचेवरचं पातेलं.]

मागच्या शेगडीवर रागू, म्हणजे खिम्याचा रस्सा, रटरटतोय. कांदा, गाजर आणि सेलरी अगदी बारीक चिरून पांचेत्ता या खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या चरबीत परतलेली, मग गोमांसाचा खिमा, थोडी वाइन, टोमॅटो आणि आंबटपणा बोचू नये म्हणून थोडं दूध. लसूण नाही. हा रागू इथे स्पागेत्तीवर कधीच पडत नाही. जगभर 'स्पागेत्ती बोलोनेझ' या नावानं जे मिळतं, ते या घरात कुणी ओळखणारही नाही. किमान दोन तास तो शिजतो, आणि त्या दोन तासांत घराचा जिनाही रविवारचा वास घेऊन बसतो.

[दृश्य: दार उघडतं. हातात फीत बांधलेला मिठाईचा पुडा.]

पाहुणे आले. मिठाईच्या दुकानातला पुडा आजींच्या हाती गेला. सुरुवातीला थोडं मोर्तादेल्ला हे डुकराच्या मांसाचं सॉसेज, थोडं ऑलिव्ह, बस. कारण सगळ्यांचं लक्ष पाण्याच्या मोठ्या भांड्याकडे आहे: सहा लिटर पाणी, साठ ग्रॅम मीठ. आजी आतून विचारतात, "बुत्तो?" म्हणजे "टाकू का?" सगळे बसल्याशिवाय तालियातेल्ले पाण्यात पडत नाहीत. ताज्या पट्ट्या दोन-तीन मिनिटांत शिजतात आणि त्यांना वाट बघायला लावलं तर चिकटतात. तव्यावरचा फुलका थेट ताटात पडावा म्हणून आपल्या घरीही "आधी बसा" असा आग्रह असतोच.

आपल्या ताटात मात्र मीठ-लिंबापासून गोडापर्यंत सगळं एकदम वाढलेलं असतं. इथे एका वेळी एकच पदार्थ येतो. आधी पास्ता, ती ताटली उचलली गेली की रोझमेरी घालून भाजलेली कोंबडी आणि बटाटे, सोबत हिरवा पाला. त्यावर तेल, व्हिनेगर आणि मीठ टेबलावरच घालतात. मला या जेवणातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती दोन ताटल्यांमधली ती दहा मिनिटं. शेजारच्याची चौकशी, राहिलेला जुना वाद, नातवाची परीक्षा, सगळं त्या वेळात मावतं. ताटलीतला उरलेला रागू पावाच्या तुकड्यानं पुसून खायचा, त्याला 'स्कार्पेत्ता' म्हणजे 'छोटा बूट' म्हणतात. मोठ्या मेजवानीत हे बरं दिसत नाही. घरी मात्र आजी ती पुसलेली ताटली बघून खूश होतात.

१० डिसेंबर २०२५ ला दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीनं इटालियन स्वयंपाकाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपली दिवाळीही त्याच दिवशी त्या यादीत गेली.

[दृश्य: मोका भांड्याची वाफ.]

साडेतीन वाजले. फळं झाली, फीत सुटली, मिठाई वाटली गेली. मोकाच्या भांड्यातून कॉफी गुरगुरत वर येते आहे, काळी आणि छोट्या कपात. जेवणानंतर दुधाची कॉफी इथे कुणी मागत नाही. कुणी उठतही नाही.

फक्त आजी उठतात. उरलेला रागू काचेच्या बरणीत भरतात, झाकण घट्ट लावतात आणि नातीच्या कोटाशेजारी ठेवतात. नात "नको, नको" म्हणते आहे. बरणी तिच्या पिशवीत गेली आहे.