आधी घरी परतायला शिकवा

(सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

१९७८ साली मी टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर रुजू झाले, तेव्हा परगावी फोन जोडून द्यायला माणूस लागायचा. तुम्ही नंबर सांगायचा, रिसीव्हर खाली ठेवायचा आणि वाट बघायची. तासाभराने, कधी तीन तासांनी आम्ही मुंबई लावून द्यायचो, आणि बोलणं रंगात आलं की मध्येच सांगायचो, "तीन मिनिटं झाली." आज इथे पुढच्या रांगांत बसलेल्या बऱ्याच जणांनी तो आवाज ऐकलाय. काहींनी कदाचित माझाच.

मग एसटीडी आली, म्हणजे मध्ये कोणी माणूस न लागता परगावचा नंबर आपणच थेट फिरवायची सोय. देशातली पहिली एसटीडी १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान सुरू झाली. आपल्या तालुक्यांच्या गावी पोचायला तिला पुष्कळ वर्षं लागली. पण आली आणि नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्यांचे बूथ उभे राहिले. लोक कोड पाठ करू लागले. मुंबईचा ०२२, पुण्याचा त्या वेळचा ०२१२. मीटरवरचे लाल आकडे बघत, रात्री दर उतरायची वाट बघत लोक बोलायचे. ज्या आईबद्दल तुम्ही मला सांगता की "तिला स्मार्टफोन नाही हो जमणार", त्याच आईने हे सगळं आत्मसात केलं होतं. गॅसची शेगडी, प्रेशर कुकर, एटीएम, सगळं. म्हणून ते वाक्य माझ्या मनाला कधीच पटत नाही.

मग आत्ताच असं काय झालं? मी यावर खूप विचार केला. एक म्हणजे, ती यंत्रं एकदा घरात आली की तशीच राहायची. डायल वीस वर्षं एकच काम करायची. आजचा फोन रात्री चार्जिंगला लावला तर सकाळी त्याचं रूप बदललेलं असतं. अपडेट झालं म्हणे. काल उजव्या कोपऱ्यात असलेलं बटण आज खाली गेलेलं असतं. तरुणाला त्याचं काही वाटत नाही. ज्याने ते बटण आठ दिवस घोकून लक्षात ठेवलं, त्याच्या पायाखालची जमीन सरकते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बूथवर रांग असायची. पुढचा माणूस नंबर कसा फिरवतो, शून्य आधी लावतो की नंतर, हे मागचा बघत असायचा. निम्मं शिक्षण त्या रांगेत व्हायचं. स्मार्टफोन तळहाताएवढा, प्रत्येकाचा आपला आपला. नातवाचा अंगठा इतका भराभर चालतो की शेजारी बसूनही आजीला काही दिसत नाही. दुसऱ्याचं बघून शिकायची सोयच गेली.

२०१७मध्ये मी निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात वयस्कर मंडळींना स्मार्टफोन शिकवायचा वर्ग सुरू केला. दर बुधवारी चार वाजता. एकादशी आली तर सुट्टी. आज जे सांगणार आहे ते त्या सभामंडपात शिकलेलं आहे.

आमच्याकडे एक निवृत्त सुतार येतात. पन्नास वर्षं रंधा मारलेले हात. पहिल्या दिवशी ते स्क्रीनवर बोट ठेवायचे आणि काहीच व्हायचं नाही. जोरात दाबायचे, तरी नाही. शेवटी म्हणाले, "बाई, ह्याला माझं बोट कळतच नाही." त्यांचं अगदी बरोबर होतं. ही स्क्रीन दाब ओळखत नाही. तिच्यावर अगदी सूक्ष्म विद्युतभार असतो, कातडीचा स्पर्श झाला की तो बदलतो, आणि तो बदल फोन टिपतो. कातडी कोरडी झाली, घट्टे पडले की बदल पुरेसा होत नाही. वयाबरोबर सगळ्यांचीच त्वचा कोरडी पडते. आम्ही टेबलावर एक ओलं फडकं ठेवलं. त्याला बोट टेकवायचं, आणि टोकाने न दाबता बोटाचा मऊ भाग लावायचा. सुतारकाकांचा फोन चालू लागला. घरच्यांनी मात्र तोवर ठरवून टाकलं होतं की त्यांचं डोकं आता चालत नाही.

हात थरथरतो तेव्हा उलट होतं. माणूस बोट स्थिर करायला ते स्क्रीनवर टेकवून ठेवतो. फोनला वाटतं, याला दाबून धरायचंय. मग नको तो मेनू उघडतो, चित्रं जागची हलतात, एखादं नाहीसंही होतं. माणूस घाबरतो. यावर उपाय फोनमध्येच आहे: सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो, तिथे किती वेळ धरलं तर 'दाबून धरलं' समजायचं, तो वेळ वाढवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. अक्षर मोठं करणं सगळ्यांना सुचतं, हे कोणालाच सुचत नाही. रिंगटोनचंही तसंच. उतारवयात आधी बारीक, किनऱ्या आवाजांची ऐकण्याची ताकद कमी होते. आवाज पूर्ण वाढवूनही आई फोन उचलत नसेल, तर जाड, खालच्या पट्टीतली रिंग लावून बघा.

आता वर्गाचा पहिला धडा. तुम्हाला वाटेल, फोन कसा लावायचा. नाही. पहिले दोन बुधवार आम्ही फक्त घरी परत यायला शिकतो. कुठेही गेलात, काहीही उघडलं, तरी मुख्य स्क्रीनवर परत कसं यायचं. नवे फोन उघडले की खालची तीन बटणं दिसतच नाहीत, बोट खालून वर सरकवावं लागतं, आणि ते सरकवणं कोरड्या बोटाला भारी अवघड जातं. सेटिंग्जमधून ती तीन बटणं परत आणता येतात. आम्ही प्रत्येकाच्या फोनमध्ये पहिल्यांदा ती आणतो. मग मी सांगते, "आता हवं ते दाबा. मुद्दाम वाट चुका." सगळे जण चुकतात. कोणी कॅल्क्युलेटरमध्ये जातं, कोणाचा कॅमेरा सुरू होऊन स्वतःचंच तोंड समोर येतं. आणि मग मधलं बटण दाबून सगळे घरी. दहा वेळा, वीस वेळा. तिसऱ्या बुधवारी चेहरे वेगळे असतात. परतीची वाट ठाऊक असली की माणूस कुठेही जायला तयार होतो. पूर्वी पोरांना नदीत सोडताना पाठीला पाण्यावर तरंगणारी सुकडी बांधायचे, तसं हे बटण.

यानंतर वही. वही स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहायची; छापील कागद मी देत नाही. एका काकूंच्या वहीत असं आहे: "हिरवं चित्र, आत पांढरा फोन, ते दाबा. सगळ्यात वर जावईबापू. खाली उजवीकडे माईक. धरून ठेवा, बोला, सोडा." आयकॉन, चॅट, व्हॉइस मेसेज यातला एकही शब्द त्यात नाही, आणि तरी त्यांचा निरोप नागपूरला बिनचूक जातो.

आता मागच्या रांगांतल्या मुलामुलींशी बोलते, कारण खरं काम तुमच्याकडे आहे. वर्गात मदतीला येणाऱ्या तरुणांसाठी आमचा एकच नियम आहे: हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. तोंडाने सांगायचं, बोट लावायचं नाही. हे फार कठीण असतं, मला माहीत आहे. समोर बटण दिसत असतं, काकांचं बोट त्याच्या भोवती फिरत असतं, आणि आपला हात शिवशिवतो. घरी तो हात पुढे जातोच. "द्या इकडे, मी करतो." दोन सेकंदांत काम होतं. काकांना त्यातून एवढंच कळतं की हे काम त्यांचं नाही. पुढच्या वेळी ते विचारत नाहीत, फोन सरळ तुमच्या हातात देतात, आणि तुम्ही पुण्याला निघून गेलात की तो फोन टेबलावर पडून राहतो. खूप घरांत मी हे पाहिलंय.

काय शिकवायचं, हेही तुम्ही ठरवू नका. त्यांना विचारा. मी सुरुवातीला रेल्वेचं तिकीट, वीजबिल अशी यादी करून गेले होते. एक आजी म्हणाल्या, "मला नातवाशी बोलायचंय." आजी कधी शाळेत गेलेल्या नाहीत. नातू फौजेत, ड्युटीवर फोन उचलता येत नाही. आम्ही त्यांना निरोप बोलून ठेवायला शिकवलं. नावं वाचता येत नसल्यामुळे त्या फोटोवरून माणूस ओळखायच्या. एकदा त्या रडवेल्या होऊन आल्या, नातू फोनमधून हरवला म्हणाल्या. त्याने आपल्या फोटोच्या जागी एका धबधब्याचं चित्र लावलं होतं. तेव्हापासून आम्ही घरच्यांना विनंती करतो, तुमच्या आईला, आजीला वाचता येत नसेल तर डीपीवर स्वतःचा चेहरा ठेवा. आणि त्या आजींनी आयुष्यात एक पत्र लिहिलं नव्हतं. आता त्या रोज संध्याकाळी अंगणात बसून नातवाला निरोप धाडतात. पाऊस किती झाला, म्हैस व्याली का. तो रात्री ऐकतो. हे बघितलं की मला ट्रंक बोर्डावरच्या कामाचं चीज झाल्यासारखं वाटतं.

आता पैशांचं. इथे भीती खरी आहे आणि ती मी कधीही हसण्यावारी नेत नाही. यूपीआय २०१६मध्ये आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि भाजीवाल्यापर्यंत क्यूआर कोड पोचला. आमच्या वर्गात एकच वाक्य सगळे मिळून मोठ्याने म्हणतात: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी सांगितलं की "पैसे पाठवतोय, तुमचा पिन टाका" किंवा "हा कोड स्कॅन करा", तर तो पैसे घेणारा आहे. शिवाय फोनला जोडायचं खातं वेगळं ठेवा, त्यात महिन्याच्या भाजी-किराण्यापुरतेच पैसे. पेन्शनचं खातं, मुदतठेवी यांना फोनपासून लांब ठेवा. "आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असे मेसेज तुमच्यापैकी अनेकांना येऊन गेले असतील. लग्नाची पत्रिका म्हणून अनोळखी फाईल येते. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली म्हणून सांगतो. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे मागत नाही.

हे सगळं सांगूनही आमच्या वर्गातल्या एक ताई फसल्या. निवृत्त परिचारिका, अतिशय हुशार. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणून फोन आला, दोन दिवस त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं, कोणाशी बोलू दिलं नाही. जन्मभराची बचत गेली. मला जे अजून सलतं ते यापुढचं. पैसे गेल्याचं त्याच रात्री त्यांच्या लक्षात आलं होतं. १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक त्यांच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेला होता. तिथे लगेच फोन केला तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच गोठवता येण्याची शक्यता असते. जितका उशीर, तितके ते पुढच्या पुढच्या खात्यांत पांगतात. ताईंनी पाच दिवस कोणालाच सांगितलं नाही. मी विचारलं, का? म्हणाल्या, "मुलगा म्हणाला असता, सांगत होतो ना तुला फोन नको म्हणून."

मुलग्याचं आईवर प्रेम आहे. तो वाईट नाही. पण आधी दोन-तीनदा छोट्या चुकांवर तो चिडला होता. चुकून कोणाला तरी कॉल लागला, नको तो फोटो गटावर गेला, एवढ्याशा गोष्टी. तेव्हाच्या त्या चिडण्याची किंमत ताईंनी नंतर मोजली. मघाशी मी घरी परतायच्या बटणाबद्दल बोलले. तुमच्या आईला चूक झाल्यावर तुमच्याकडे परत येता आलं पाहिजे. ती सांगेल तेव्हा पहिलं वाक्य "बरं झालं लगेच सांगितलंस" हेच निघू द्या. रागवायचंच असेल तर १९३०ला फोन करून झाल्यावर रागवा.

एक मुद्दा सरकारी आणि बँकेच्या मंडळींसाठी. पेन्शनरांचा हयातीचा दाखला २०१४पासून डिजिटल झाला. सोय मोठी झाली, पण म्हातारपणी बोटांचे ठसे झिजतात, यंत्रावर उमटत नाहीत, आणि लोक हेलपाटे घालत राहिले. २०२१मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली, तीही आम्ही वर्गात करून बघतो: उजेडाकडे तोंड करा, चष्मा काढा, सांगेल तेव्हा पापणी मिटा. पोस्टमन घरी येऊनही दाखला करून देतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना बँकेने घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. ती हक्काने मागा. ज्यांना फोन नकोच आहे, त्यांना तो नको म्हणता आलं पाहिजे. काउंटरवरचा माणूस "ॲपवर करा आजोबा" म्हणून खिडकी बंद करतो तेव्हा मला फार राग येतो. सगळं आयुष्य कर भरलेल्या माणसाला ती खिडकी मिळायलाच हवी.

नवा वर्ग येत्या बुधवारी चार वाजता आहे. येताना जवळचा चष्मा आणा, फोन पूर्ण चार्ज करून आणा, आणि शंभर पानी वही आणि पेन. नातवंडांना बरोबर आणायला हरकत नाही, मीच बोलावतेय. मुलांनो, फक्त सभामंडपाच्या पायरीशी आलात की हात पाठीमागे. आणि बुधवारी एकादशी नाही, मी पंचांग बघून आलेय.