आडवा छेद, उभा छेद

हा रात्रभर भिजवलेला घेवड्याचा दाणा. चिमटीत हलकेच दाबला की कडेच्या बारीक छिद्रातून पाणी बुडबुडत बाहेर येतं. पाहा, पुन्हा आलं. नेहेमाया ग्रू या इंग्रज डॉक्टरने वनस्पतींच्या अंतर्रचनेवरचं आपलं १६७२ सालचं पुस्तक अशाच एका मोठ्या दाण्यापासून सुरू केलं. साल सोलली, दोन्ही दळं उघडली, आणि मधे मिळाले इवलंसं मूळ आणि इवलासा कोंब.

प्राण्यांचं विच्छेदन तेव्हा वैद्यकात रुळलेलं होतं. झाडपाला मात्र औषधापुरता. दोघांचा निर्माता एकच, मग झाडाच्या पोटातही तितकीच रचना असणार, ही ग्रूची श्रद्धा. त्याची पद्धत साधी होती: आधी नुसत्या डोळ्यांनी पाहायचं, मग भिंगाखाली, आणि छेद तिन्ही दिशांनी घ्यायचा, आडवा, उभा, तिरपा. एकाच छेदावर विसंबायचं नाही.

आता हे चित्र. १६८२ सालच्या त्याच्या ग्रंथातली द्राक्षवेलीची फांदी. कॅमेरा इथे मुद्दाम थांबवला आहे. साल, लाकूड, गाभा. गाभ्यातून सालीकडे जाणारे किरणांसारखे पट्टे. आणि प्रत्येक नळीचं तोंड वेगळं रेखलेलं. अशी ऐंशीहून अधिक चित्रपृष्ठं या ग्रंथात आहेत. पेशींच्या या जाळीला त्याने हाताने विणलेल्या लेसची उपमा दिली होती.

त्याच काळात इटलीत, बोलोन्याला, मार्चेल्लो मालपिगी हा डॉक्टरही झाडंच कापत होता. ७ डिसेंबर १६७१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे ग्रूचं तेच, १६७२ साल छापलेलं पुस्तक आणि मालपिगीचं हस्तलिखित एकाच दिवशी आलं! पुढे सोसायटीनेच मालपिगीचा ग्रंथ १६७५ आणि १६७९ मध्ये दोन भागांत छापला.

कमळाचा देठ मोडून सावकाश ओढला की हे तंतू निघतात. मळसूत्रासारखे गुंडाळलेले, देठातल्या बारीक नळ्यांच्या भिंतींतले. इतर झाडांत अशाच नळ्या मालपिगीला दिसल्या, आणि त्याला आठवल्या किड्यांच्या श्वासनलिका. झाड यांतूनच श्वास घेतं, असं त्याने मानलं. त्या पाणी वाहून नेतात, हे नंतर कळलं.

आणि ही फांदी. हिच्या सालीचं एक कडं आम्ही काढलं होतं. कड्याच्या वरच्या बाजूला फुगवटा आला आहे, खाली नाही. मालपिगीनेही हाच प्रयोग केला आणि ओळखलं, की पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं.

फुलातले पुंकेसर हा नराचा भाग, हे ग्रूने १६८२ मध्ये लिहिलं; जर्मनीच्या कामेरारियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६९४ मध्ये ते प्रयोगाने दाखवलं.