बंड्याचे कान आणि जुलैचा पाऊस

श्रोतेहो, नमस्कार. जुलैत मुंबईत चपला वाळत नाहीत, कपाटाला बुरशी धरते आणि आमच्या बंड्याच्या कानांना वास यायला लागतो. बंड्या कॉकर स्पॅनियल. पाणी प्यायला वाकला की तोंडाआधी कानच भांड्यात.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात आत वळते. शिरलेलं पाणी तिथे अडकतं, वरून केसाळ पाळीचं झाकण! अशा ओलीत यीस्ट फोफावते, म्हणून तो आंबूस वास. काडीचा कापूस मात्र नको. त्याने मळ वळणापाशी आणखी ठासला जातो.

कानामागचा गुंता आंघोळीआधीच सोडवावा, भिजला की त्याचा नमदा होतो. मी चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळते, गाठ बोटांनी सैल करते आणि केसांच्या टोकाकडून विंचरत वर जाते. पाळी दुसऱ्या हातात धरलेली, म्हणजे कातडी ओढली जात नाही. एकदा घाईत कात्री चालवली. पाळीच्या कडेला, खालच्या बाजूला कातडीची खिशासारखी दुमड असते. गुंता समजून मी तीच कापली. जखम तांदळाच्या दाण्याएवढी, पण बंड्याने मान झटकली आणि फ्रिजपासून देव्हाऱ्यापर्यंत रक्ताचे शिंतोडे! आता गाठ आणि कातडी यांच्यामध्ये कंगवा घातल्याशिवाय मी कात्रीला हात लावत नाही.

कान धुवायला डॉक्टरांनी सांगितलेलं द्रावण घ्यावं. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, आग होते. द्रावण सढळ हाताने ओतायचं, कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट चोळायचं; चुबुक चुबुक आवाज आला पाहिजे. मग त्याला मान झटकू द्यायची. हे सगळं बाथरूममध्ये बरं, सोफ्यावर नव्हे. वर आलेला मळ कापसाने टिपायचा, बोट सहज जाईल तेवढाच.

कान लालभडक झाला, हात लावू देईना, मान एकीकडे कलली, तर घरी काहीच घालू नका. आतला पडदा फाटला असेल तर काही औषधांनी ऐकूही येईनासं होतं. थेट पशुवैद्य गाठा. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर 1886 सालचं, तेव्हा मुंबईत कुत्र्यामांजरांचे डॉक्टर काही नवलाचे नाहीत.

राहिले भांड्यात बुडणारे कान. जुन्या मोज्याचा पंजा कापून उरलेली सैल नळी जेवणापुरती त्याच्या डोक्यावरून चढवते. परवा समोरच्या आजी दारातूनच म्हणाल्या, "अगं, ऐन पावसाळ्यात कानटोपी घातलीस होय त्याला?"