किती वाव?

(पत्रकार दिनानिमित्त देवगड तालुक्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले याच तालुक्यात. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ काढलं आणि एकाच पानावर मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला. मी इतकी वर्षं संज्ञापन शिकवते, पण वर्गात पहिल्या दिवशी आजही त्याच पानाबद्दल बोलते.

माझा स्वतःचा या विषयाशी संबंध आला तो एसटीडी बूथमुळे. तिठ्यावर माझ्या काकांचा बूथ होता. गणपती जवळ आले की मुंबईहून चाकरमान्यांचे फोन सुरू व्हायचे. काका त्यांना म्हणायचे, “धा मिनटांनी परत लाव,” आणि मी वाडीत धावत सुटायची. “गे काकी, मुंबयसून फोन इलो!” काकी ओले हात पदराला पुसत यायची आणि मुंबईपर्यंत आवाज जायला हवा म्हणून ओरडून बोलायची. कोण येणार, कुठल्या गाडीने, किती माणसं. परत जाताना वाटेत तिचा नारळांचा हिशेब सुरू झालेला असे. तारेतून आलेला निरोप माणसाच्या हाताला कामाला लावतो, हे मी तिथे पाहिलं.

पुढे पुण्याला पत्रकारिता शिकले, थोडी वर्षं वर्तमानपत्रात काम केलं, आकाशवाणीवर निवेदन केलं, मग प्राध्यापक झाले. यातलं फार सांगण्यासारखं नाही. ग्रंथालयात हाती लागलेला एक अहवाल मात्र सांगायलाच हवा. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर गावाने चर्चा करायची, आणि शंका आकाशवाणीला कळवायच्या. त्यांची उत्तरं पुन्हा रेडिओवरून यायची. सत्तर वर्षांपूर्वीची ही गोष्ट! ते वाचल्यापासून कुठलंही नवं यंत्र दिसलं की मी आधी परतीची वाट शोधते.

आता आपल्या बंदरावर या. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, ते उपग्रहाच्या मदतीने सांगते. पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहाला दिसतं. थंड आणि उबदार पाणी जिथे भेटतं तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतं, त्यामागे मासळी येते. ढग असले की दिसत नाही, पण एरवी दिशा, अंतर, खोली सगळं मिळतं. मला या विज्ञानाचं मनापासून कौतुक आहे. डिझेलचा खर्च ज्याच्या डोक्यावर आहे त्याला त्याची किंमत विचारा.

एकदा असाच सल्ला मी एका तांडेलांना, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखांना, वाचून दाखवत होते. खोली ३६ मीटर, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे किती वाव?” दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण सहा फूट. मी हिशेब केला, वीस. वीस वाव ऐकल्याबरोबर त्यांनी मान हलवली. “थंय खडप आसा. जाळां फाटतला.”

उपग्रहाने पाणी बरोबर ओळखलं होतं. तळाचा खडक तांडेलांना ठाऊक होता. हा सल्ला त्यांच्याकडे व्हॉट्सॲपच्या ज्या गटातून आला, त्यात ॲडमिनशिवाय कुणाला लिहिता येत नव्हतं. चाळीस वर्षांचं समुद्राचं ज्ञान त्या फोनपाशी येऊन थांबलं, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून माझे विद्यार्थी आता आनंदवाडीच्या बंदरावर वही घेऊन बसतात. पानाच्या मधोमध रेघ मारलेली. डावीकडे आलेला सल्ला, उजवीकडे तांडेलाचं उत्तर. पहिल्या पानावर डावीकडे आहे ‘३६ मीटर’, उजवीकडे ‘२० वाव, खडप, जाळं टाकू नये’. वही आज दाराजवळच्या मुलीकडे आहे. इथे आलेल्या तांडेलांनी जाताना तिच्यापाशी दहा मिनिटं थांबावं, एवढी विनंती.