काळ्या कॅनमधलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. सहल म्हटली की डबा, टोपी आणि फोटो. आज ज्या सहलीबद्दल बोलणार आहे, तिथं फोटो काढायला हात उचलत नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचं शहर आहे. मेक्सिकोची सीमा तिथून गाडीनं तासाभरावर. ‘बॉर्डरलिंक्स’ ही तिथली संस्था १९८०च्या दशकापासून विद्यार्थ्यांना, चर्चच्या मंडळींना सीमाभाग दाखवायला नेत आली आहे. सीमेवरच्या नोगालेसमध्ये भिंत दिसते. एकाच नावाची दोन गावं, मध्ये पोलादी खांब. १९९०च्या दशकात तिथं व्हिएतनाम युद्धातल्या धावपट्ट्यांचे जुने पत्रे उभे केले होते. २०११ साली ते काढून हे खांब आले.

पण खरी भिंत वाळवंटाचीच. १९९४ साली अमेरिकी सीमा दलानं हिशेब मांडला: शहरांजवळच्या वाटा अडवा, उन्हातान्हाला घाबरून सीमा चोरून ओलांडणारे लोक येणारच नाहीत. लोक आले, वाळवंटातून आले. दक्षिण ॲरिझोनात २००० सालापासून तीन हजारांहून जास्त जणांचे मृतदेह आणि अवशेष सापडलेत.

टूसॉनच्या न्यायालयात २००८पासून कितीतरी वर्षं ‘ऑपरेशन स्ट्रीमलाइन’ चाललं, म्हणजे सीमा चोरून ओलांडताना पकडलेल्यांवरचे एकगठ्ठा खटले. एका दुपारी सत्तरपर्यंत माणसं, हातापायांत आणि कमरेला साखळ्या. न्यायाधीश विचारणार, उत्तर एकच, स्पॅनिशमध्ये: ‘कुल्पाब्ले’, म्हणजे गुन्हा कबूल. सहलीचे गट मागच्या बाकांवर बसून हे बघायचे. दुसऱ्याचं दुःख बघायला पैसे मोजून जायचं का? मला विचाराल तर त्या बाकावर अवघडून बसणं, हाच त्या सहलीतला सगळ्यात मोठा धडा.

आणि वाळवंटात पडलेल्या वस्तू. गालिच्याच्या कापडाचे तळ लावलेले जोडे, वाळूत पाऊल उमटू नये म्हणून. पाण्याचा काळा कॅन, पांढरं प्लॅस्टिक उन्हात चमकतं आणि माणूस हेरला जातो म्हणून. त्यात साधारण गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटर पाणी मावतं. जूनच्या उन्हात ते एक दिवससुद्धा पुरत नाही.

त्या वाटेवर फक्त मेक्सिकोचेच लोक असतात असं नाही. जून २०१९मध्ये सीमेवरच्या ल्यूकव्हिल गावाच्या पश्चिमेला भारतातल्या सहा वर्षांच्या मुलीचा मृतदेह सापडला. पारा बेचाळीसवर होता. तिला सोबतच्या बाईजवळ ठेवून आई पाणी शोधायला गेली होती.